आत्मा, ब्रह्म आणि अनात्म

आत्मा आहे की नाही, हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. त्या मुलाने वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी प्यावे, असा तेथील रिवाज होता. सर्वांच्या ठायी एकच ब्रह्म पाहणाऱ्या परंपरेत हे कसे घडले, हा प्रश्न पुढे बाबासाहेबांनीच विचारला.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, पाण्यात विरघळलेल्या मिठाचा दृष्टांत देतो. मीठ दिसत नाही, पण प्रत्येक घोटात असते. तसेच एक सत्तत्त्व विश्वात व्यापून आहे आणि तेच तुझा आत्मा आहे. हा आत्मा नित्य व अविकारी असून त्याचे ज्ञान म्हणजेच मोक्ष होय.

तथागतांनी मनुष्याकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान हे पाचही स्कंध अनित्य आहेत. त्यांत न बदलणारे असे काही सापडत नाही. ‘मिलिंदप्रश्ना’त भदन्त नागसेन राजाला विचारतात, चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? ‘रथ’ हे त्या जुळणीचे नाव आहे. ‘मी’ हेही तसेच.

मग कर्माचे फळ कोणाला? आपली कृष्णा पाहावी. महाबळेश्वराहून वाई, कऱ्हाड करीत ती सांगलीस येते. पाणी क्षणोक्षणी निराळे असते, तरी वर कालवलेला गढूळपणा खाली पोहोचतोच. आत्मा नसला तरी कार्यकारणाची साखळी तुटत नाही आणि जबाबदारीही टळत नाही. निर्वाण म्हणजे ब्रह्मात विलीन होणे नव्हे. तृष्णा, द्वेष व मोह यांचे शमन होय.

१९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अनात्मवादाला महत्त्वाचे स्थान दिले. आत्म्यावरील श्रद्धेतून पुरोहितशाही व अंधश्रद्धा वाढतात, असे त्यात प्रतिपादन आहे. पूर्वजन्मीच्या आत्म्याचे कर्म दाखवून जेथे या जन्मीची विषमता समर्थनीय ठरविली गेली, तेथे हा विचार मुक्तिदायक ठरला.

जे अनित्य आहे ते घडविता येते. निवासी शाळेत आलेले मूल जन्माने ठरलेले नसते, ते शील आणि प्रज्ञेने घडत जाते, ही श्रद्धा शिक्षणाच्या मुळाशी आहे. अनात्माचा हा उपदेश आपण ग्रंथात ठेवावा की पंगतीत, वर्गात आणि घरात आचरावा, हे आपल्याच हाती आहे.