एक हुकूम, अनेक हिशेब

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत किंवा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या माणसाच्या हाती महिनाअखेर पगाराची चिठ्ठी पडते. पूर्वी तो हिशेब कारकून करीत असे. आकडा चुकला तर त्याच्या टेबलापुढे उभे राहून दोन शब्द बोलता येत. आता हिशेब संगणक करतो आणि ‘संगणकातून असेच आले आहे’ एवढे ऐकून कामगार मुकाट्याने परत फिरतो. वास्तविक संगणकातून आपोआप काहीच येत नाही. कोणीतरी लिहून ठेवलेला नियम तो पाळतो. तो नियम कसा लिहिला जातो, हे समजून घेणे आम्हांला संघटनेच्या कामाचाच भाग वाटते.

आजचे पुष्कळसे प्रोग्रॅम ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीने लिहितात. तीत ‘क्लास’ म्हणजे वर्ग, एक नमुना. आणि त्या नमुन्याबरहुकूम तयार झालेली एकेक नोंद म्हणजे ‘ऑब्जेक्ट’. ‘कामगार’ असा एक वर्ग धरा. त्यात नाव आणि हजेरी ही माहिती असेल, तसेच ‘वेतन काढ’ हे एक कामही सांगितलेले असेल. अशा कामाला ‘मेथड’ म्हणतात. आता सगळे कामगार एका साच्याचे नसतात. कोणी महिन्यावर असतो, कोणी रोजावर, तर भिवंडीच्या यंत्रमागावरचा विणकर मीटरवर. म्हणून मूळ वर्गाखाली पोटवर्ग करतात. पोटवर्गाला मूळ वर्गाचे सारे काही वारशाने मिळते. पण एखादे काम त्याला निराळ्या रीतीने करायचे असेल, तर त्याच नावाची मेथड तो आपल्यापुरती नव्याने लिहितो. यालाच ‘मेथड ओव्हररायडिंग’ म्हणतात. नाव तेच राहते, आतला हिशेब बदलतो.

याचा लाभ काय? ही सोय नसती, तर पगाराच्या मुख्य प्रोग्रॅमात ‘महिन्यावरचा असेल तर असे कर, रोजावरचा असेल तर तसे कर’ अशी लांबलचक माळ ओवावी लागली असती, आणि नवा प्रकार निघाला की ती उसवून पुन्हा ओवावी लागली असती. ओव्हररायडिंगमुळे मुख्य प्रोग्रॅम यादीतील प्रत्येकाला एकच हुकूम सोडतो: ‘वेतन काढ’. रोजावरचा सव्वीस दिवस गुणिले सहाशे असा हिशेब करून १५,६०० रुपये सांगतो. मीटरवरचा चार हजार मीटर गुणिले तीन करून १२,००० सांगतो. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. एका हुकुमाला ज्याने त्याने आपापल्या परीने उत्तर देणे, हीच ‘पॉलिमॉर्फिझम’, म्हणजे बहुरूपता. आपल्याकडचा बहुरूपी एकटाच अनेक सोंगे घेतो. येथे हुकूम एक आणि तो बजावणारे अनेक, एवढा फरक ध्यानी ठेवावा.

कोणाची मेथड चालवायची, हे यंत्राला कसे कळते? पुष्कळ भाषांमध्ये प्रत्येक वर्गाचा एक तक्ता स्मृतीत ठेवलेला असतो: अमुक मेथड अमुक ठिकाणी. प्रत्येक नोंदीपाशी आपल्या वर्गाच्या तक्त्याची खूण असते. हुकूम सुटला की यंत्र खूण पाहते, तक्ता पाहते आणि तेथील काम चालवते. पोटवर्गाने स्वतःची मेथड लिहिली नसेल, तर त्या ठिकाणी मूळ वर्गाचीच असते. भाषाभाषांतही भेद आहेत. जावा भाषेत नेहमीच्या मेथडबाबत पोटवर्गाचा शब्द आपोआप चालतो. सी-प्लस-प्लसमध्ये मूळ मेथडपुढे ‘व्हर्च्युअल’ हा शब्द लिहिला नसेल आणि हुकूम मूळ वर्गाच्या नावाने सुटला, तर पोटवर्गात नवा हिशेब असूनही मूळचाच चालतो. एका शब्दाच्या अभावी मीटरवरच्या माणसाला दुसऱ्याचाच हिशेब लागू शकतो.

याहून मोठा धोका दुसरा आहे. ओव्हररायडिंग करताना मूळचे वचन गळू शकते. मूळ मेथडमध्ये ‘किमान वेतनापेक्षा कमी देऊ नये’ अशी अट आहे, असे समजा. मीटरवरच्या वर्गासाठी नवी मेथड लिहिताना ती अट उतरवायची राहिली, तर यंत्र कुरकुर करीत नाही. ते १२,००० छापून मोकळे होते, मग किमान वेतन १५,००० का असेना. कायदा मात्र असे मानीत नाही. नगावरच्या कामाला निराळा किमान दर नसून केवळ वेळेवरचा किमान दर ठरला असेल, तर त्याहून कमी देता येत नाही. हे तत्त्व १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या १७ व्या कलमात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आले आहे. संगणकशास्त्रातही असेच एक तत्त्व आहे. अमेरिकेतील बार्बरा लिस्कॉव्ह यांनी ते १९८७ मध्ये मांडले. मूळ वर्गाच्या जागी पोटवर्ग बसवला, तरी मूळ वर्गावर विसंबून असलेल्याची फसगत होता कामा नये, असा त्याचा मथितार्थ. रीत बदलावी, वचन मोडू नये.

यावर उपायही त्याच विद्येत आहे. ‘वेतन दे’ ही मेथड मूळ वर्गातच ठेवावी आणि जावामध्ये तिच्यापुढे ‘फायनल’ लिहावे, म्हणजे कोणत्याही पोटवर्गाला ती बदलता येत नाही. तिने आधी ‘कमाई मोज’ हा हुकूम सोडावा. ही मेथड ज्याने त्याने आपली लिहावी. आलेला आकडा मग मूळ मेथडने किमान वेतनाशी ताडून पाहावा आणि कमी असेल तर भरून काढावा. मोजण्याची मोकळीक पोटवर्गाला मिळते आणि किमानाची राखण मूळ वर्गाकडे राहते.

या विद्येचा उगम नॉर्वेत झाला, आणि तो आपल्या चळवळीपासून फार दूर नाही. ओस्लोच्या संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन नीगार्ड यांनी ‘सिम्युला ६७’ ही भाषा घडवली. वर्ग, पोटवर्ग आणि बदलता येणारी मेथड या कल्पना तीत होत्या. पुढे १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हेच नीगार्ड तेथील लोखंड व धातुकामगारांच्या संघटनेबरोबर काम करू लागले. कारखान्यात येणारी संगणकी यंत्रणा कामगारांना समजावी आणि तीविषयी त्यांना बोलता यावे, हा त्यामागचा हेतू होता. १९७५ मध्ये कामगारांचा महासंघ आणि मालकांची संघटना यांच्यात याविषयी राष्ट्रीय करार झाला. नव्या यंत्रणेची माहिती, त्या विद्येचे खास ज्ञान नसलेल्यालाही कळेल अशा भाषेत द्यावी, हे त्यात मान्य झाले.

आपल्याकडे कल्याण-डोंबिवलीच्या गाड्यांतून असे प्रोग्रॅम लिहिणारी तरुण मंडळी रोज कामाला जातात, आणि त्याच गाड्यांतून त्या प्रोग्रॅमांनी ज्यांचा पगार ठरतो ती माणसेही जातात. या दोघांनी एकमेकांशी बोलावे, असे आम्हांला वाटते. वेतनाच्या वाटाघाटीत दर ठरला की काम संपले, असे आता मानून चालणार नाही. आपला माणूस कोणत्या वर्गात नोंदला आहे, त्याच्यासाठी कोणती मेथड चालते, आणि किमानाची अट बदलता न येणाऱ्या जागी आहे की नाही, हे तीन प्रश्न मागण्यांच्या यादीत गेले पाहिजेत.