फोनवरची तालीम आणि कारखान्यातला उस्ताद

व्यापारी आणि कारखानदार बंधूंच्या बैठकीत हल्ली एकच तक्रार ऐकू येते. चांगला कारागीर मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही, आणि नवीन पोराला शिकवायला कोणाला फुरसत नाही. तक्रार खरी आहे. पण शिकवण्याची जी साधने आज मोफत उपलब्ध आहेत, त्यांचा आपण किती उपयोग करतो, हा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही. म्हणून या वेळी भावतावाचा विषय बाजूला ठेवून कामगारांच्या तालमीबद्दल चार गोष्टी सांगाव्यात असे आम्ही ठरवले आहे.

पूर्वी आपल्या धंद्यात उस्ताद-शागिर्दाची रीत होती. पोरगा कांड्या भरण्यापासून सुरुवात करी, दोन-तीन वर्षांत साचा चालवू लागे आणि नशिबात असेल तर जॉबर होई. उस्ताद रागावे, पण हात धरून शिकवी. आता मीटरवर मजुरी आणि दोन पाळ्यांचे काम. जॉबर एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात धावतो. साचा बिघडला की दुरुस्त करून जातो. तो का बिघडला हे सांगायला थांबत नाही. तालमीची साखळी तुटली ती इथे.

आमच्याच कारखान्यातली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमचे कोरे कापड रंगाईनंतर परत आले. थानात जागोजागी आडव्या पट्ट्या दिसत होत्या. आम्ही सुताला दोष दिला, सूतवाल्याने सायझिंगला दिला, सायझिंगवाल्याने आमच्या कारागिरांना दिला. नुकसान मात्र आमच्या खात्यावर पडले. आमच्याकडचा बावीस वर्षांचा एक मुलगा दोन दिवसांनी फोन घेऊन आला आणि म्हणाला, "सेठ, ये देखो, अपनाच माल है." फोनवर तशाच पट्टीचे कापड होते आणि एक मास्तर हिंदीत कारण समजावत होते.

कारण साधे होते. साचा थांबला की ताणा ताणलेल्या अवस्थेत उभा राहतो आणि कापडाची शेवटची तार आपल्या जागेवरून थोडी सरकते. पुन्हा साचा सुरू केला की पहिल्या काही ठोक्यांत बाणा कुठे दाट बसतो, कुठे विरळ. कोऱ्या कापडात हे सहज नजरेत येत नाही, रंग चढला की पट्टी उठून दिसते. जेवणाच्या सुट्टीत किंवा वीज गेल्यावर साचा बराच वेळ बंद राहत असेल, तर ताण सैल करून ठेवावा आणि सुरू करण्याआधी कापडाची कड जागेवर आणावी. आमच्या म्हाताऱ्या जॉबरला विचारले तर ते म्हणाले, "हे तर आम्हाला ठाऊक आहे." ठाऊक होते, पण कोणी कोणाला सांगितले नव्हते. त्या दिवसापासून आम्ही हा विषय गंभीरपणे घेतला.

कुठे शोधावे?

पहिले ठिकाण म्हणजे केंद्र सरकारचे स्किल इंडिया डिजिटल हब. सप्टेंबर 2023 मध्ये ते सुरू झाले. मोबाईल नंबर टाकून नाव नोंदवता येते. निरनिराळ्या धंद्यांचे अभ्यासक्रम तिथे आहेत, काही फोनवर शिकायचे, काही केंद्रावर जाऊन. बरेच मोफत आहेत, काहींना फी आहे. नोंदणी करण्याआधी ते पाहून घ्यावे.

दुसरे, भारत स्किल्स. आयटीआयचे काम पाहणाऱ्या केंद्रीय प्रशिक्षण महासंचालनालयाने ते चालवले आहे. आयटीआयमध्ये शिकवल्या जाणाऱ्या विषयांची पुस्तके, व्हिडिओ आणि प्रश्नसंच इथे मिळतात. शिलाई, वीजकाम, फिटर, वेल्डर अशा कामांची माणसे ज्यांच्याकडे आहेत त्यांना हे विशेष उपयोगी.

तिसरे, एनपीटीईएल आणि स्वयम्. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने इथे ऐकता येतात. विणकाम, सूतकताई आणि रंगाई यांवरचीही आहेत. शिकणे मोफत, दाखला हवा असेल तर परीक्षेची फी भरावी लागते. भाषा बहुतेक इंग्रजी आणि विषय खोल, म्हणून साच्यावरच्या कारागिराला हे जड जाईल. पण घरातला जो मुलगा-मुलगी कॉलेजात शिकते आहे आणि पुढे धंदा पाहणार आहे, त्यांनी हे अवश्य ऐकावे.

चौथे, दुकानातल्या मुनीम आणि हिशेबनिसासाठी. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला आणि हिशेबाची जुनी रीत बदलली. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर पत्रके कशी भरायची याची माहितीपुस्तके आणि व्हिडिओ आहेत. मुनीमाला महिन्यातून एक दिवस ते पाहायला बसवावे. चुकीच्या पत्रकापोटी भरावा लागणारा दंड त्या एका दिवसाच्या पगारापेक्षा मोठा असतो.

यूट्यूबवर तर सागर भरला आहे, आणि खारे पाणीही त्यातच आहे. तिथे दोन गोष्टी पाहाव्यात. दाखवलेला साचा आपल्या साच्यासारखा आहे का? रॅपिअरची युक्ती धोट्याच्या साच्यावर चालेलच असे नाही. आणि मास्तर कारण सांगतो का, की नुसता पाना फिरवून दाखवतो? कारण सांगणारा उस्ताद समजावा. मशीन विकणाऱ्या कंपन्यांचे व्हिडिओ पाहावेत, पण ते विक्रेत्याचे बोलणे आहे हे ध्यानात ठेवून.

शब्दांची अडचण

आता खरी अडचण. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले. फोनवर काही शोधायचे म्हटले की पहिली अडचण शब्दांची येते. कारखान्यात आपण ज्या नावाने दोष ओळखतो, ते नाव पुस्तकात नसते. आम्ही ज्याला आडवी पट्टी म्हणत होतो, त्याला पुस्तकात स्टार्टिंग मार्क म्हणतात. फणीच्या खुणेला रीड मार्क, सुटलेल्या तारेला फ्लोट. हे शब्द टाकले की हवी ती माहिती समोर येते, आपले शब्द टाकले की भलतेच काही निघते.

यावर आम्ही एक उपाय केला. कारखान्याच्या भिंतीवर एक तक्ता लावला. एका बाजूला आपला शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला शब्द देवनागरीत लिहिलेला. सुरुवातीला दहा शब्द होते, आता चाळिशी ओलांडली आहे. त्यातले निम्मे कारागिरांनीच भरले. दर्जी, सुतार, चामड्याचे काम करणारे बंधू, सर्वांना असा तक्ता करता येईल. खर्च एका पुठ्ठ्याचा.

दुसरी युक्ती अशी की सरकारने निरनिराळ्या कामांसाठी दर्जाचे नियम ठरवले आहेत. यंत्रमाग चालवणारा, शिलाई मशीन चालवणारा, अशा प्रत्येक कामासाठी कारागिराला काय माहीत असावे आणि काय करता यावे याची यादी असते. राष्ट्रीय पात्रता नोंदवहीच्या संकेतस्थळावर ती पाहता येते. आपल्या कारागिराला समोर बसवून यादीतली एकेक बाब वाचावी. काय येते आणि काय येत नाही हे तासाभरात कळते, आणि पुढे काय शिकवायचे याचा आराखडा तयार होतो.

शिकवावे कसे?

फोन हातात दिला म्हणजे तालीम झाली, असे समजू नये. आमची पद्धत अशी आहे. आठवड्यात एकच विषय. पंधरा मिनिटे, साचे बंद असताना आणि पगारी वेळेत. चालू साच्याजवळ फोन पाहण्यास सक्त मनाई. बोट गेले तर कोणताही व्हिडिओ ते परत आणत नाही. व्हिडिओ मध्येच थांबवून जॉबरला विचारायचे, "आपल्याकडे असेच आहे का?" नंतर एका साच्यावर एकाने करून दाखवायचे. वहीत तारीख, विषय आणि शिकणाऱ्याचे नाव लिहायचे आणि त्या महिन्यात किती थान परत आले तेही लिहायचे. फायदा झाला की नाही ते वहीच सांगते.

पगारी वेळेचा मुद्दा काही बंधूंना पटणार नाही. पण मीटरवर मजुरी घेणाऱ्याचे पंधरा मिनिटे साचे थांबवले आणि त्याचे पैसे कापले, तर तो तालमीला शिक्षा समजेल.

कागदाचे महत्त्व

वीस वर्षे साचा चालवलेल्या माणसाकडे हुन्नर असतो, कागद नसतो. 2015 पासूनच्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत अशा जुन्या अनुभवाला परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोय करण्यात आली. योजनेचे टप्पे आणि नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी चौकशी करावी. यंत्रमागासाठी मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा ठिकाणी पॉवरलूम सेवा केंद्रे आहेत. तिथे प्रत्यक्ष यंत्रावर शिकता येते.

दर्जी बंधूंसाठी 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्यात 18 धंदे आहेत. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पुढे 5 टक्के व्याजाने कर्ज, पहिल्या वेळी 1 लाखापर्यंत, अशी तिची रचना आहे. व्याजाचा विचार ज्याचा त्याने करावा. प्रशिक्षण आणि अवजारांसाठी कर्ज घेण्याची सक्ती नाही. नोंदणी सामायिक सेवा केंद्रावर होते. पैसे घेऊन घरबसल्या दाखला देतो म्हणणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे.

शेवटी ती जुनी भीती. शिकवला की कारागीर दुसरीकडे जातो. जातो, आम्ही ते अनुभवले आहे. पट्टीचे कारण शोधणारा तो मुलगा आज दुसऱ्याच्या रॅपिअर कारखान्यात जास्त पगारावर आहे. आम्हाला त्या वेळी वाईट वाटले. पण त्याने भिंतीवर लिहिलेले शब्द आजही तिथे आहेत आणि नवीन पोरे त्यावरून शिकतात. जो शिकला तो गेला, याचे नुकसान मोजता येते. जो शिकला नाही आणि राहिला, त्याचे नुकसान रोज थानामागे होत राहते, आणि ते कोणी मोजत नाही.

बंधूंनी येत्या सुट्टीच्या दिवशी एवढेच करावे. आपल्या मालातला वारंवार येणारा एक दोष निवडावा, त्याचे पुस्तकी नाव शोधावे आणि आपल्या सर्वांत जुन्या कारागिराला सोबत घेऊन त्यावरचा एक पाठ पाहावा. तालमीची सुरुवात तिथून होते.