बेगमीच्या जेवणाचा थाट

स्वित्झर्लंड म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बर्फ येतो, घड्याळ येते, चॉकलेट येते. जेवण काही येत नाही. त्याला कारणही तसेच आहे. आपल्याकडून निघणाऱ्या सहलींनी ‘रोज भारतीय जेवण’ हे आश्वासन इतके चोख पाळले, की युंगफ्राउयोखला 3,454 मीटर उंचीवरही भारतीय ताट मिळू लागले, त्याला आता बरीच वर्षे झाली. परमुलखात वरणभात मिळणे ही काही वाईट गोष्ट नव्हे. पण त्यामुळे त्या बर्फाच्या गावांतली माणसे काय खातात आणि तेच का खातात, हा प्रश्न आपल्या मनात येतच नाही.

तो माझ्या मनात आला झर्मॅटमध्ये. वालिस परगण्यातले हे गाव 1,600 मीटर उंचीवर, मॅटरहॉर्नच्या पायथ्याशी आहे. पेट्रोलच्या मोटारींना इथे मज्जाव. मोटार पाच किलोमीटर अलीकडे टेशला ठेवायची आणि रेल्वेने गावात यायचे. संध्याकाळी स्कीवाले आपले अवजड बूट आपटत डोंगरावरून उतरतात आणि सगळा रस्ता वितळलेल्या चीजच्या वासाने भरून जातो. प्रत्येक उपाहारगृहाच्या दाराशी पदार्थांची यादी किमतीसह लावलेली असते. ती वाचता वाचता मी मनातल्या मनात फ्रँकचे रुपये करू लागलो, तेव्हा बाझलला नोकरी करणारा माझा पुतण्या म्हणाला, “काका, इथे कुठे जेवायचे ते भूक लागल्यावर ठरवत नाहीत. उद्याचे टेबल आजच सांगून ठेवू.” त्याचे खरे होते. हंगामात आयत्या वेळी जागा मिळत नाही आणि बऱ्याच ठिकाणी नऊ-साडेनऊनंतर चूल बंद होते.

दुसऱ्या दिवशी टेबलावर बसलो. लाकडी भिंती, इस्त्रीचे रुमाल, मेणबत्त्या, सगळा थाट युरोपियन. आधी लाकडी फळीवर आले वाळवलेल्या गोमांसाचे कागदासारखे पातळ काप आणि राय नावाच्या धान्याचा काळसर, घट्ट पाव. मांस पुतण्याने खाल्ले, मी पावावर राहिलो. पण दोन्हींची हकिकत एकच. वालिसमधली शेते डोंगरउतारावर, लहान, आणि हिवाळा लांबलचक. गावाची भट्टी सामायिक, सरपण मोजके. म्हणून पाव वर्षातून दोन-तीनदाच भाजायचा आणि महिनोन् महिने पुरवायचा. शेवटी शेवटी तो इतका कडक होई, की कापायला फळीला जोडलेली खास सुरी लागे. जनावर कापले की मांसाला मीठ आणि वनौषधी चोळून ते डोंगरी वाऱ्यावर वाळवायचे. गावाच्या जुन्या भागात धान्याची लाकडी कोठारे अजून उभी आहेत. प्रत्येक खांब आणि कोठार यांच्यामध्ये वाटोळी, सपाट शिळा आडवी घातलेली आहे, उंदीर वर चढू नये म्हणून. ज्या गावात उंदरासाठी एवढा बंदोबस्त करावा लागतो, तिथे धान्याची काय किंमत असेल ते सांगायला नको. आपल्या आयाबायांच्या भाषेत याला बेगमी म्हणतात.

मग आले राक्लेट. ‘राक्ले’ या फ्रेंच क्रियापदाचा अर्थ खरवडणे. चीजच्या अर्ध्या चाकाची कापलेली बाजू विस्तवासमोर धरायची आणि वितळलेला थर सुरीने ताटलीत खरवडायचा. सोबत सालासकट उकडलेले बटाटे, मुरवलेली काकडी आणि बारके कांदे. चीज, बटाटा आणि लोणचे, म्हणजे उन्हाळ्यात कुरणावर गेलेल्या गुराख्याजवळ जे असेल ते. वालिसच्या राक्लेटला 2007 साली संरक्षित नामांकन मिळाले. गुराख्याच्या न्याहारीला आता कायद्याचे कवच आहे.

फाँड्यूची गोष्ट जरा वेगळी. भांड्याला लसूण घासायची, पांढरी वाइन तापवायची, त्यात ग्रुयेर आणि वाशरँ ही चीजे निम्मी-निम्मी वितळवायची आणि वरून चेरीची दारू, किर्श, घालायची. वाइनच्या आंबटपणामुळे चीज फुटत नाही, एकजीव राहते. लांब काट्याला पावाचा तुकडा टोचून तो सर्वांनी एकाच भांड्यात बुडवायचा. आपल्याकडे ज्याला उष्टे-खरकटे म्हणतात, तो विचार इथे बाजूला ठेवावा लागतो. तळाशी जी खरपूस पापडी धरते, ती खायला सगळेच टपलेले असतात. दुधाच्या पातेल्याची खरवड भावंडांशी भांडून खाल्लेल्या माणसाला त्यात नवे काही वाटणार नाही. चीज वाइनमध्ये शिजवण्याची कृती झुरिकच्या 1699 च्या एका हस्तलिखितात आहे. पण फाँड्यू हा साऱ्या देशाचा राष्ट्रीय पदार्थ झाला तो 1930 च्या दशकात. चीजचा खप वाढावा म्हणून 1914 साली स्थापन झालेल्या ‘स्विस चीज युनियन’ने तो घरोघर पोचवला. ही संघटना 1999 मध्ये बंद झाली, फाँड्यू राहिले. परंपरासुद्धा कधी कधी जाहिरातीने रुजते, ती अशी.

आपल्या शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. फाँड्यूत मांस नसले तरी दारू असते. आणि अस्सल ग्रुयेर विरजायला वासराच्या जठरातले रेनेट वापरतात. कडक शाकाहाऱ्याने ‘नुसते चीज तर आहे’ या भरवशावर राहू नये. त्याच्यासाठी रोश्टी बरी, किसलेल्या बटाट्याची खरपूस जाड भाकरी. मात्र ती कशात परतली आहे, हे आधी विचारून घ्यावे.

हे गरिबाचे अन्न श्रीमंतांच्या टेबलावर आले कसे? एडवर्ड विंपर 1865 साली मॅटरहॉर्नवर चढला आणि उतरताना त्याचे चार सोबती कोसळून मेले, तेव्हा झर्मॅटचे नाव जगभर झाले. इंग्रज येऊ लागले. अलेक्झांडर सायलरसारख्या हॉटेलवाल्यांनी त्यांची सोय केली, पण मोठ्या हॉटेलांचे जेवण फ्रेंच पद्धतीचे असे. 1891 साली आलेली रेल्वेही पुढे बरीच वर्षे फक्त उन्हाळ्यातच धावे. हिवाळ्यात गाव आपला कडक पाव चघळत बंद दाराआड बसे. 1920 च्या दशकाच्या अखेरीस हिवाळी गाड्या सुरू झाल्या, स्कीवाले आले आणि जी थंडी गावाची वैरीण होती तीच अन्नदाती झाली.

गंमत अशी, की पाहुण्यांना थाटात जेवू घालण्याची विद्या जगाला शिकवणारा माणूस याच वालिसचा. सेझार रिट्झ 1850 साली नीडरवाल्ड या खेड्यात शेतकऱ्याच्या पोटी जन्मला, तेरावे अपत्य म्हणून. त्याने वेटरची उमेदवारी केली, पुढे एस्कॉफियेसारखा बल्लवाचार्य जोडीला घेतला आणि 1898 साली पॅरिसमध्ये स्वतःच्या नावाचे हॉटेल काढले. तेराव्या मुलाला घरच्या शेतात काय मिळणार होते? भुकेने त्याला गाव सोडायला लावले.

ती भूक आता दुसऱ्यांच्या वाट्याला आली आहे. आमचे जेवण चालू असताना वाढणाऱ्या मुलाने आत हाक दिली आणि त्यात एक शब्द माझ्या कानाने टिपला, ‘पांव’. पोर्तुगीजांचा हा शब्द गोव्यामार्गे आपल्या घरात येऊन ‘पाव’ झाला. झर्मॅटच्या हॉटेलांत राबणाऱ्यांमध्ये पोर्तुगीज पुष्कळ आहेत. त्यांच्याआधी इटालियन आणि स्पॅनिश आले. 1934 पासून 2002 पर्यंत स्वित्झर्लंडमध्ये ‘हंगामी कामगार’ नावाचा परवाना होता. वर्षातून जास्तीत जास्त नऊ महिने राहायचे, काम करायचे आणि परत जायचे. बायकामुले आणायची मुभा नाही. तरीही कित्येकांनी मुले आणली आणि लपवून ठेवली. आईबाप कामावर गेले की खिडकीशी जायचे नाही, आवाज करायचा नाही. त्यांना ‘कपाटातली मुले’ असे नाव पडले. परक्यांच्या मुलांना गरम चीज वाढणारी माणसे घरी आपल्या मुलांना गप्प बसायला शिकवत होती.

बिल आले. फाँड्यूचे माणशी तीस फ्रँकच्या पुढे. सेवेचा आकार 1974 पासून किमतीतच धरलेला असतो, त्यामुळे बक्षिसीची सक्ती नाही. मी थोडी ठेवली.

स्वित्झर्लंडला जाणाऱ्याने वरणभात सोडावा, असे मी म्हणणार नाही. पण एखादी संध्याकाळ त्या गावच्या टेबलावर घालवावी. ‘शिळा पाव आणि चीज, यात विशेष ते काय?’ असे तोंडावर आले, तर आपल्या घरच्या पापड-कुरडया, सांडगे आणि सुकट आठवावी. आणि पाव आणून ठेवणाऱ्याकडे एकदा मान वर करून पाहावे. तो आज ज्यासाठी गाव सोडून इथे उभा आहे, त्याचसाठी या डोंगरातलीही माणसे एके काळी बाहेर पडली होती.