पोटावरची पिशवी : घाबरू नका, लपूही नका

मोठ्या आतड्याचा कर्करोग, आतडे अडकणे, अपघातात ते फाटणे अशा वेळी डॉक्टर आतड्याचे तोंड पोटावर काढतात. ही कोलोस्टॉमी. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात आणि शौच तिथून पिशवीत जमते. काहींना पिशवी काही महिने लागते, काहींना कायमची. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांत आम्ही घरोघर जातो, तेव्हा दिसते की ऑपरेशन नीट झालेला माणूसही घरात कोंडून घेतो. वास येईल म्हणून विहारात येत नाही, लग्नाला जात नाही, काम सोडतो. काळजी नीट घेतली तर याची गरज नाही.

रिकामी करणे आणि बदलणे

पिशवी अर्धी भरायच्या आत रिकामी करा. ती जड झाली की प्लेट सुटते. क्लिप लावण्याआधी पिशवीचे तोंड कागदाने स्वच्छ पुसा, वास बहुतेक वेळा तिथूनच येतो.

चिकटणारी प्लेट साधारण 3 ते 5 दिवसांनी बदला. गळती, खाज किंवा जळजळ झाली तर लगेच बदला. सकाळी नाश्त्याआधीची वेळ बरी, कारण तेव्हा आतडे शांत असते. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, म्हणून त्यापुरते पाणी आदल्या रात्रीच झाकून ठेवा. प्लेट उपटू नका. एका हाताने कातडी दाबून ती वरून खाली हळू सोडवा. साध्या पाण्याने धुऊन, मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडे करा. डेटॉल, स्पिरिट, तेल लावू नका. भोक स्टोमापेक्षा फक्त 2 ते 3 मिलिमीटर मोठे कापा. पहिले 6 ते 8 आठवडे स्टोमा आक्रसतो, म्हणून दर वेळी माप घ्या. प्लेट लावल्यावर तळहाताने दोन मिनिटे दाबा, उबेने ती घट्ट बसते.

स्टोमा तांबडा आणि ओलसर असेल तर तो निरोगी. धुताना थेंबभर रक्त आले तर घाबरू नका. पण तो काळा किंवा जांभळा पडला, रक्त थांबेना, किंवा पोट फुगून उलट्या होऊ लागल्या आणि पिशवीत काहीच येईना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

खाणे आणि काम

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर भाकरी, भात, डाळ, मासे, मटण हळूहळू सगळे चालते. नीट चावून खा आणि नवा पदार्थ एकेक करून पाहा. कोबी, मुळा, वाल, हरभऱ्याने गॅस होतो. अंडी, मासे, लसूण यांनी वास वाढतो. ताकाने बऱ्याच जणांना बरे वाटते. पाण्याचा हंडा, गॅस सिलिंडर असे जड ओझे पहिले तीन महिने उचलू नका, हर्निया होतो. परकराची नाडी किंवा पट्टा स्टोमावर येऊ देऊ नका. जखम भरल्यावर पती-पत्नीचे संबंधही ठेवता येतात, आधी पिशवी रिकामी करा.

प्रवास आणि हक्क

बाहेर जाताना कापलेली प्लेट, पिशवी, कापड, पाण्याची बाटली सोबत ठेवा. एवढी तयारी असली की परळची तपासणीच काय, 6 डिसेंबरला चैत्यभूमीलाही जाता येते. ऑस्टॉमी रुग्णांना रेल्वेच्या मासिक व त्रैमासिक पासात 50 टक्के सवलत आहे. त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातला डॉक्टरांचा दाखला लागतो. कर्करोगाच्या रुग्णांना लोकलच्या दिव्यांग डब्यातून जाता येते. पिशव्या आणि सल्ल्यासाठी मुंबईतली ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया मदत करते.

वापरलेली पिशवी

आतले शौच संडासात ओता. पिशवी कागदात गुंडाळून, बांधून, वेगळी खूण करून घंटागाडीत द्या. संडासात किंवा नाल्यात टाकू नका. हाताने मैला साफ करायला लावण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरी तुंबलेल्या गटारात कोणाला उतरवले जाते, हे आपल्याला सांगायला नको.

घरच्यांसाठी

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. जुलाबाने आजारी भिक्खू स्वतःच्या घाणीत पडला होता, कोणी लक्ष देत नव्हते. बुद्धांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः धुतले आणि भिक्खूंना सांगितले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने रुग्णाची करावी. आपल्या घरात असा रुग्ण असेल तर नाक मुरडू नका, पिशवी बदलायला शिका. आणि विहारात दाराजवळ, शौचालयाकडे पटकन जाता येईल अशी एक खुर्ची त्यांच्यासाठी राखून ठेवा.