घाट उतरताना गिअर कोणता?

नाशिकहून मुंबईला निघालो की इगतपुरीनंतर कसारा घाट लागतो; नांदुरीच्या बाजूला गेलो की सप्तशृंगी गडाचा घाट. चढताना गाडी धापा टाकू लागली की गिअर आपोआप खाली घेतला जातो. उतरताना मात्र बरेचजण चौथ्या गिअरवर ब्रेक दाबत राहतात. सतत घासून ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि ते धरेनासे होतात.

उतारावर वेग रोखायचं काम इंजिनाकडे द्यावं. आधी ब्रेकने वेग कमी करा, मग क्लच पूर्ण दाबून चौथ्यावरून तिसरा टाका. क्लच सोडण्याआधी ॲक्सिलरेटर किंचित दाबून इंजिनाचे फेरे वाढवा आणि क्लच हळूहळू सोडा. फेरे जुळले नाहीत तर गाडीला हिसका बसतो, ओल्या रस्त्यावर चाकं घसरूही शकतात. तिसरा पुरला नाही तर दुसरा. हे सगळं वळणात शिरण्याआधी उरकावं, म्हणजे वळणात दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात.

इंधन वाचवायला न्यूट्रल करणं तर पूर्ण चुकीचं. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. इंजिन बंद करून उतरणं त्याहून धोक्याचं: ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

जुन्या ड्रायव्हरांचा हिशेब सोपा आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्यातच उतरा. तरीही ब्रेकचा वास आलाच, तर सुरक्षित जागी थांबा आणि ते आपोआप निवू द्या. पाणी ओतू नका.