घर बांधता येते, विकत घेता येत नाही : बैलकुप्पे येथील तिबेटी वसाहतीचा पेच

बैलकुप्पे (म्हैसूर) : म्हैसूरहून मडिकेरीकडे जाताना, कावेरी ओलांडून कोडगू जिल्ह्यात शिरण्यापूर्वी, बैलकुप्पे लागते. पर्यटकांना हे गाव नामद्रोलिंग मठातील ‘सुवर्णमंदिरा’मुळे ठाऊक आहे. मात्र मठाभोवतीच्या मक्याच्या शेतांमध्ये आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या ‘कॅम्पां’मध्ये तीन पिढ्यांपासून राहणाऱ्या तिबेटी कुटुंबांच्या नावे त्यांच्या घराखालची जमीन नाही. घर त्यांनी बांधले, वाढवले, मुलांकडे सोपवले. पण आपल्याकडील सात-बाराला समकक्ष असलेल्या कर्नाटकच्या ‘आरटीसी’वर त्यांचे नाव लागत नाही. घर ‘असणे’ आणि घर ‘मालकीचे असणे’ यांतील हे अंतर कसे निर्माण झाले आणि आज त्याची किंमत कोण मोजत आहे, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

जंगलातून उभी राहिलेली वसाहत

१९५९ मध्ये दलाई लामा भारतात आल्यानंतर हजारो तिबेटी निर्वासित त्यांच्या मागोमाग सीमा ओलांडून आले. त्यांच्या पुनर्वसनासाठी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी राज्यांकडे जमिनीची विचारणा केली. तत्कालीन म्हैसूर राज्याने बैलकुप्पे परिसरातील सुमारे ३,००० एकर वनजमीन देऊ केली आणि १९६१ मध्ये ‘लुगसुंग सामदुपलिंग’ ही वसाहत सुरू झाली. हिमालयाच्या थंड पठारावरून आलेल्या लोकांनी दक्षिणेच्या उष्ण हवेत, हत्तींचा वावर असलेले जंगल तोडून शेती उभी केली. १९६९ मध्ये शेजारीच ‘डिक्यी लारसो’ ही दुसरी वसाहत वसवण्यात आली. या पुनर्वसनाला हातभार लावण्यासाठी १९६८ मध्ये स्थापन झालेली ‘मायराडा’ ही संस्था पुढे ग्रामीण विकासाच्या क्षेत्रात देशभर ओळखली गेली.

कर्नाटकात मुंडगोड, हुणसूर व कोळ्ळेगाल येथेही अशा वसाहती आहेत. महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यातील गोठणगाव येथे १९७२ पासून ‘नोरग्येलिंग’ ही तिबेटी वसाहत नांदते आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ शेजारच्या राज्याचा नाही.

उल्हासनगर आणि बैलकुप्पे

निर्वासितांना जमीन देण्याचा भारताचा हा पहिला अनुभव नव्हता. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांमधून १९४९ मध्ये उल्हासनगर आकाराला आले. मात्र फाळणीग्रस्तांना भारताने प्रारंभापासून आपले नागरिक मानले. त्यांच्यासाठी १९५४ मध्ये विस्थापितांच्या भरपाई व पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा करण्यात आला आणि त्यातून मालकीहक्काच्या सनदा देण्याचा मार्ग खुला झाला.

तिबेटी निर्वासितांबाबत भूमिका वेगळी होती. ते परत जाणार, असे भारत सरकारने आणि स्वतः त्यांनीही गृहीत धरले होते. भारत १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारात सहभागी नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे कायद्याच्या भाषेत ते ‘परकीय’ राहिले. त्यांना नोंदणी प्रमाणपत्र मिळाले, त्याचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. जमीन वापरासाठी मिळाली, मालकीने नव्हे.

भाडेपट्ट्याचे गणित

केंद्र सरकारने २०१४ मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केले. राज्य सरकारांनी केंद्रीय तिबेटी मदत समितीशी २० वर्षांचे भाडेपट्टे करावेत, अशी तरतूद त्यात आहे. मात्र त्यापूर्वीही आदेशाद्वारे भाडेपट्टा रद्द होऊ शकतो. पट्टा समितीच्या नावे असल्याने कुटुंबाचा हक्क वसाहतीचा सदस्य म्हणून राहण्याचा आहे. असे घर खुल्या बाजारात विकता येत नाही आणि जमीन स्वतःची नसल्याने ती गहाण ठेवून गृहकर्जही काढता येत नाही.

भाडेपट्टा म्हणजे आपोआप असुरक्षितता, असे मात्र नाही. सिडकोने नवी मुंबईत भूखंड ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले आणि त्यांवरील सदनिकांचे व्यवहार सर्रास होतात. इंग्लंडच्या शहरांत व उपनगरांत बहुतेक सदनिका भाडेपट्ट्यानेच विकल्या जातात. तेथे २०२४ च्या कायद्याने पट्ट्याची मुदत ९९० वर्षांनी वाढवून घेण्याची तरतूद केली आहे. तिथेही पट्ट्याची शिल्लक मुदत कमी झाली, की बँका कर्ज देण्यास कचरतात आणि घराची किंमत घसरते. म्हणजेच पट्टा किती वर्षांचा, कोणाच्या नावे आणि हस्तांतरणीय आहे की नाही, या तीन प्रश्नांवर घराचे मोल ठरते. बैलकुप्पे येथील कुटुंबांसाठी तिन्ही उत्तरे प्रतिकूल आहेत.

बाहेर घर घ्यायचे तर?

वसाहतीबाहेर, म्हणजे कुशालनगर, म्हैसूर किंवा बंगळुरूत, घर घेण्याचा पर्याय उरतो. परंतु नागरिकत्व नसलेल्या तिबेटी व्यक्तीला स्थावर मालमत्ता खरेदी करण्यासाठी परकीय चलनविषयक नियमांनुसार रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते. एखाद्या भारतीय परिचिताच्या नावे घर घेण्याची पळवाट धोक्याची आहे. बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायद्यानुसार अशी मालमत्ता जप्त होऊ शकते आणि पैसे देणाऱ्याला ती परत मिळवण्यासाठी न्यायालयात दावाही लावता येत नाही. इंग्लंडमध्ये घर विकत घेण्यासाठी नागरिकत्वाची अट नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

नागरिकत्वाची किंमत

मग भारतीय नागरिकत्व का घेऊ नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, आईवडील कोणीही असोत, जन्माने भारतीय नागरिक ठरते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा नियम तिबेटी व्यक्तींनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ पूर्वी जन्मलेल्यांसाठी आई किंवा वडील भारतीय नागरिक असणे आवश्यक आहे. पुढच्या जन्मांसाठी अटी आणखी कडक आहेत. परिणामी एकाच छपराखाली आजोबा परकीय, मुलगा भारतीय आणि नातवाचा दर्जा त्याच्या जन्मतारखेवर अवलंबून, अशी स्थिती आढळू शकते. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात तिबेटी निर्वासितांचा समावेश नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पात्र तिबेटी व्यक्तींना पारपत्र देण्याचे आदेश दिले. तथापि, २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने त्यासाठी अटी घातल्या : नोंदणी प्रमाणपत्र परत करावे, तिबेटी वसाहतीत वास्तव्य करू नये आणि निर्वासित म्हणून मिळणाऱ्या लाभांवर पाणी सोडावे. ज्या कागदाने बाहेर घर घेण्याचा हक्क मिळतो, तोच कागद आईवडिलांच्या घरात राहण्याचा हक्क काढून घेतो. शिवाय नागरिकत्व स्वीकारणे म्हणजे तिबेटच्या प्रश्नावरील दावा सोडणे, अशी भावना समाजातील अनेकांच्या मनात आहे.

रिकामी होणारी घरे

या कोंडीतून तिसरा मार्ग परदेशाचा निघाला. अमेरिकेने १९९० च्या कायद्याद्वारे भारत व नेपाळमधील १,००० तिबेटी व्यक्तींना स्थलांतराची संधी दिली आणि त्यांच्यापाठोपाठ कुटुंबे गेली. न्यूयॉर्क व टोरांटो येथे मोठ्या तिबेटी वस्त्या उभ्या राहिल्या. २००९ च्या तिबेटी प्रशासनाच्या जनगणनेत भारतातील तिबेटी लोकसंख्या ९४,२०३ नोंदली गेली होती. त्यानंतर ती घटत गेली आहे. परदेशातून आलेल्या पैशांतून वसाहतींत नवी, ऐसपैस घरे उठतात, पण त्यांत बहुधा वृद्धच राहतात.

ही घरे उद्या कोणाची, हा प्रश्न त्यामुळे केवळ भावनिक नाही. पट्टा सदस्यत्वाशी बांधलेला असल्याने नागरिकत्व घेतलेल्या किंवा परदेशी गेलेल्या वारसाला घरावर वारसाहक्क सांगणे अवघड आहे. २०१४ च्या धोरणानुसार झालेल्या भाडेपट्ट्यांची २० वर्षांची मुदत पुढील दशकात संपू लागेल. नव्या पट्ट्यांत मुदत, वारसा आणि नागरिकत्व घेतलेल्या सदस्यांचे वास्तव्य या तीन बाबी स्पष्ट झाल्या, तर बैलकुप्पे आणि गोठणगाव येथील कुटुंबांना आपल्या घराच्या भवितव्याचा हिशेब प्रथमच मांडता येईल.