न दिसणारी जखम आणि आभासी रणभूमी

यंत्रात कामगाराचे बोट गेले तर त्याचा हिशेब होतो. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटाबोटाला शेकडेवारी लावून दिली होती. मनाला बसलेल्या धक्क्याला मात्र त्या तक्त्यात रकाना नव्हता. सैनिकाची गत याहून वाईट. तोफांच्या भडिमारात स्मृती आणि दृष्टी हरपलेल्या शिपायांविषयी डॉ. चार्ल्स मायर्स यांनी 1915 सालीच लिहिले होते. तरी त्या महायुद्धात पळून जाणे, भेकडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने आपलेच तीनशेहून अधिक शिपाई गोळ्या घालून मारले. त्यांना माफी मिळाली 2006 साली!

‘आघातोत्तर तणाव विकृती’ हे नाव अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आले 1980 मध्ये. तेही फुकट नाही. व्हिएतनामहून परतलेले सैनिक 1970 पासून न्यूयॉर्कमध्ये एकत्र बसून बोलू लागले, लिफ्टन आणि शॅटन हे डॉक्टर त्यांच्यात जाऊन बसले, आणि मग दहा वर्षांनी दार उघडले. संघटनेवाचून पदरात काही पडत नाही, ते असे.

आता उपचाराकडे वळू. हा रोगी आठवण टाळतो, आणि टाळल्यानेच ती बळावते. म्हणून डॉक्टर त्याला डोळे मिटून तो प्रसंग, जणू आताच घडतो आहे असा, पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. पण पुष्कळांचे मन अशा वेळी बधिर होते. शब्द येतात, भावना येत नाही. यावर तोड म्हणून बार्बरा रॉथबाम आणि लॅरी हॉजेस यांनी 1997 साली अटलांटात संगणकावर व्हिएतनामचे रान उभे केले. पुढे कॅलिफोर्नियात अल्बर्ट रिझो यांनी इराक उभा केला. त्यासाठी आरंभीचे सामान एका युद्धखेळातून घेतले!

सैनिकाच्या डोळ्यांवर बंद चष्मा असतो. मान वळवली की देखावाही वळतो. पायांखालची फळी मोटारीसारखी थरथरते, डिझेलचा आणि जळक्या रबराचा वास सोडता येतो. सगळ्या कळा मात्र शेजारी बसलेल्या उपचारकाच्या हाती. आधी नुसता मोकळा रस्ता. स्फोट पुढे, रोगी सोसू शकेल तेव्हा. भीती चढते, तो तेथून पळत नाही, आणि काही वेळाने ती उतरते. स्मरण म्हणजे प्रत्यक्ष तोफगोळा नव्हे, हे मन हळूहळू शिकते.

यंत्राने दिपून जाऊ नये. 162 अमेरिकन सैनिकांवरील चाचणीचा निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. उपचाराची वाट पाहणाऱ्यांपेक्षा चष्मेवाले सुधारले. पण डोळे मिटून बोलणारेही तितकेच सुधारले, आणि तीन व सहा महिन्यांनंतर तेच पुढे होते. तेव्हा चष्म्यासाठी पैसा मंजूर करून उपचारकाची जागा रिकामी ठेवणारा कारभार मला तरी संशयास्पद वाटेल.

शिवाय प्रत्येकाला भीतीच छळते असे नाही. कुणाला आपल्या हातून गेलेला जीव छळतो. अशांसाठी ब्रेट लिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी पद्धत बसवली. तीत सैनिक मेलेल्या सोबत्याशी, किंवा ज्याचा शब्द तो मानतो अशा वडीलधाऱ्याशी, कल्पनेत बोलतो. समोर असते एक रिकामी खुर्ची.